माध्यमसाक्षरतेचा खर्च कोणाच्या खात्यावर?

जामसांवलीला मंगळवारी आणि शनिवारी जमणारी गर्दी दोन राज्यांची असते. पिंपळाखाली पहुडलेल्या मारुतीच्या दर्शनाला नागपूर-काटोलकडची माणसे येतात, तशी छिंदवाडा-बैतूलकडचीही येतात. 1956 साली राज्यांची सीमा आखली गेली तेव्हा सौंसर आणि पांढुर्णा मध्य प्रदेशात राहिले. बोली, सोयरीक आणि बाजार मात्र विदर्भाशी जोडलेले राहिले. त्यामुळे या मुलखात घरात मराठी, शाळेत नि कचेरीत हिंदी, आणि मोबाइलवर दोन्ही भाषा एकत्र, अशी स्थिती आहे. नागपूरच्या पुतण्याने पाठवलेला मराठी निरोप आणि भोपाळकडून फिरत आलेला हिंदी व्हिडिओ एकाच हातात, एकाच मिनिटात येऊन पडतो. तो खरा की खोटा, जुना की नवा, कोणी कशासाठी बनवला, हे ठरवायला शिकवण्याची जबाबदारी कोणाची? घरच्यांची, शाळेची, कंपनीची की सरकारची?

माझे उत्तर स्पष्ट आहे. ही सरकारची जबाबदारी आहे, आणि ती पार पाडायची तर कायद्यात तिला जागा आणि अर्थसंकल्पात तिला दरवर्षी ठरलेला पैसा हवा. गावात नळ आणणे जसे सार्वजनिक काम आहे तसेच हेही आहे. 2023 साली जामसांवलीत मंदिर-परिसराच्या विकासाच्या, 'हनुमान लोक' नावाच्या प्रकल्पाचे भूमिपूजन झाले. त्याचा आराखडा 300 कोटींहून अधिक रकमेचा आहे. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पांढुर्णा हा सौंसरसह स्वतंत्र जिल्हा झाला. भाविकांसाठी रस्ते, निवारा, स्वच्छतागृहे लागतात, त्यावर सरकारने खर्च करणे योग्यच आहे. पण त्याच भाविकाच्या खिशातल्या मोबाइलवर जे येऊन आदळते ते पारखायला शिकवणे, हे सरकारी खर्चाचे काम आहे असे आपल्याकडे सहसा धरले जात नाही.

याची किंमत माणसांनी जिवाने मोजली आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. ते मंगळवेढ्याकडचे, नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे, भिक्षा मागून जगणारे लोक होते. मुले पळवणारी टोळी आली आहे, असे निरोप त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत होते. त्यांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेऊन मारण्यात आले. पुढच्याच वर्षी जुलैमध्ये पांढुर्ण्याच्या शेजारच्या बैतूल जिल्ह्यात रात्री मोटारीने जाणाऱ्या काँग्रेसच्या स्थानिक पुढाऱ्यांना गावकऱ्यांनी मुले चोरणारे समजून बदडले. ते वाचले. 16 एप्रिल 2020 ला पालघर जिल्ह्यात गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक मात्र वाचले नाहीत. तेथेही चोर-दरोडेखोर फिरत असल्याच्या अफवांनी आधी रान तापवले होते.

राईनपाड्याकडे नीट पाहिले तर माध्यमसाक्षरता म्हणजे केवळ खोटा फोटो ओळखण्याचे कसब नव्हे, हे ध्यानात येते. मुले पळवणाऱ्यांचा तो निरोप मंगळवेढ्याच्या बड्या व्यापाऱ्याला पाहून कोणाला आठवला नसता. तो आठवला भटक्या भिक्षेकऱ्यांना पाहून. 1871 च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा 1952 मध्ये रद्द झाला, पण परक्या भटक्याला चोर समजण्याची सवय रद्द झाली नाही. निरोपाने ठिणगी टाकली. जळाऊ माल आपण शंभर वर्षे साठवलेला होता. म्हणून जो अभ्यासक्रम फक्त 'लिंक तपासा, तारीख पाहा' एवढेच शिकवतो तो अर्धा आहे. हा निरोप माझ्या मनातल्या कोणत्या भीतीवर बोट ठेवतो, कोणाविषयी मी काहीही ऐकून घ्यायला आधीच तयार आहे, हे स्वतःला विचारण्याची सवय लावणे हा त्याचा दुसरा अर्धा भाग आहे. तो शिकवायला वर्गात मुलांना ओळखणारा शिक्षक लागतो आणि वेळ लागतो. वेळ आणि शिक्षक म्हणजे पैसा.

राईनपाड्यानंतर आपण काय केले? 17 जुलै 2018 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींबाबत प्रत्येक जिल्ह्यात नोडल पोलीस अधिकारी नेमण्याचे आणि भडकाऊ निरोपांना आळा घालण्याचे आदेश दिले. व्हॉट्सअ‍ॅपने वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती देऊन खबरदारीच्या सूचना छापल्या आणि भारतात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. मर्यादेचा उपाय चांगला होता. जाहिरातींचे मात्र तसे म्हणता येत नाही. ज्या पाड्यावर वर्तमानपत्र जात नाही तिथल्या माणसाला व्हॉट्सअ‍ॅपविषयी सावध करायला वर्तमानपत्रात पान छापणे, यात कामाची खरी जाण दिसत नाही. बहुतेक भर पोलीस आणि इशाऱ्यांवर राहिला, शिक्षणावर फारसा गेला नाही.

सरकारने शिक्षणावर खर्च केलाच नाही असे नाही. 2017 मध्ये प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियान सुरू झाले. 6 कोटी ग्रामीण कुटुंबांतल्या प्रत्येकी एका माणसाला शिकवायचे उद्दिष्ट होते आणि खर्चाची तरतूद 2351 कोटींची होती. मार्च 2024 अखेर ते संपले तेव्हा उद्दिष्टाहून जास्त लोकांना शिकवून झाले होते. एवढे मोठे काम या देशात होऊ शकते, हा पुरावाच म्हणायचा. पण त्या 20 तासांच्या शिकवणीत भर होता तो यंत्र चालवण्यावर, ईमेल पाठवण्यावर, सरकारी सेवा शोधण्यावर आणि पैसे भरण्यावर. मोबाइल हाती कसा धरायचा हे शिकवले. मोबाइलने आपल्याला कसे धरले आहे हे शिकवायचे राहिले.

युरोपची गोष्ट इथे उपयोगी पडते, आणि ती केवळ कौतुकाची नाही. युरोपीय संघाने 2018 मध्ये दृक्‌श्राव्य माध्यमांच्या निर्देशात दुरुस्ती करून 33अ हे कलम घातले. माध्यमसाक्षरता वाढवणे हे प्रत्येक सदस्य देशाचे कर्तव्य ठरले, आणि काय केले याचा अहवाल ठरावीक मुदतीने द्यायचे बंधन आले. कर्तव्य कायद्यात आले ही मोठीच पायरी. पण त्या कलमात किमान किती खर्च करावा हे कुठेही नाही. संघाकडून येणारा पैसा बराचसा 'क्रिएटिव्ह युरोप'सारख्या कार्यक्रमांतून, प्रकल्पापुरता येतो. त्या कार्यक्रमाची 2021 ते 2027 ची तरतूद सुमारे 244 कोटी युरोंची आहे. त्यात चित्रपट आहेत, संस्कृती आहे, आणि माध्यमसाक्षरतेच्या वाट्याला त्यातला लहानसा तुकडा येतो. संस्था अर्ज करते, दोन-तीन वर्षे पैसा मिळतो, शिक्षक तयार होतात, संकेतस्थळ उभे राहते. मुदत संपली की माणसे दुसऱ्या प्रकल्पाच्या शोधात निघतात. आपल्याकडच्या स्वयंसेवी संस्थांना हे चक्र समजावून सांगायला नको. सवय लावायची असते तिथे प्रकल्पाचा पैसा पुरा पडत नाही.

जिथे हे काम टिकले तिथे पैशाची वाट वेगळी होती. फिनलंडने माध्यमशिक्षण एका सरकारी संस्थेकडे कायद्याने सोपवले आणि 2014 च्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात ते सगळ्या विषयांत मिसळले. गणिताच्या तासाला आकडे कसे फसवतात, भाषेच्या तासाला जाहिरात कशी बोलते. फ्रान्समध्ये 1983 पासून शिक्षण खात्याच्या आश्रयाने वर्गात वृत्तपत्र आणि माध्यमे शिकवण्यासाठी स्वतंत्र केंद्र आहे. सर्वांत बोधप्रद वाटते ते जर्मनी. तिथे प्रत्येक घर सार्वजनिक प्रसारणासाठी दरमहा ठरलेली वर्गणी भरते, आणि तिच्यातला सुमारे 1.9 टक्के हिस्सा राज्यांच्या माध्यम नियामक संस्थांकडे जातो. माध्यमशिक्षणाला चालना देणे हे त्या संस्थांचे कायद्याने ठरलेले काम आहे. दर वर्षी कोणत्या मंत्र्याची मर्जी आहे यावर तो पैसा अवलंबून नाही. नियामक सरकारपासून अंतरावर आहे आणि पैशाचा झराही स्वतंत्र आहे.

आपल्याकडे असा झरा नाही असे कोणी म्हणेल तर ते खरे नाही. दूरसंचार कंपन्या आपल्या समायोजित महसुलाच्या 5 टक्के रक्कम सार्वत्रिक सेवेच्या निधीसाठी देतात. 2023 च्या दूरसंचार कायद्याने त्या निधीला 'डिजिटल भारत निधी' असे नाव दिले. तो आहे खेड्यापाड्यांत मोबाइलचे जाळे पोहोचवण्यासाठी. सातपुड्याच्या कुशीतल्या गावांत आज जी रेंज येते तिच्यामागे अशाच सार्वजनिक पैशाचे बळ आहे. मग या निधीचा दोन टक्के भाग, त्या जाळ्यातून घरात शिरणारे निरोप पारखायला शिकवण्यासाठी कायद्याने राखून ठेवायला हरकत काय? मनोरा उभारण्याचा खर्च देशाने सोसला, आता त्याच्या परिणामांतून माणसाला सावरण्याचा खर्चही तिथूनच निघावा. हा पैसा केंद्राने राज्यांना, राज्यांनी जिल्ह्यांना आणि जिल्ह्यांनी शाळा नि वाचनालयांना द्यावा, आणि दरवर्षी द्यावा.

पण शिकवल्याने खरेच फरक पडतो का? याचे उत्तर बिहारमधून आले आहे, आणि ते दोन टप्प्यांत आले हे महत्त्वाचे. 2019 च्या लोकसभा निवडणुकीच्या वेळी सुमित्रा बद्रीनाथन या अभ्यासक महिलेने घरोघरी जाऊन सुमारे तासाभराची शिकवणी देऊन पाहिली. एकंदरीत लोकांच्या पारखण्यात फरक पडला नाही. निराश व्हावे असाच तो निष्कर्ष होता. नंतर त्यांनी सहकाऱ्यांबरोबर आणि बिहार सरकारच्या 'जीविका' या ग्रामीण उपजीविका यंत्रणेबरोबर 583 गावांत 13,500 च्या आसपास किशोरवयीन मुलामुलींवर मोठा प्रयोग केला. गावच्या ग्रंथालयात, ओळखीच्या शिक्षकाकडून, चौदा आठवड्यांत पसरलेली चार सत्रे. ही मुले खरे-खोटे अधिक नीट ओळखू लागली, ती जाण काही महिन्यांनंतरही टिकली, आणि मुलांकडून ती पालकांपर्यंतही झिरपली. एकाच राज्यातले हे दोन प्रयोग. एकात तासाभराचा उपदेश, दुसऱ्यात सरकारी यंत्रणेच्या आधाराने सावकाश दिलेले शिक्षण. कशावर खर्च करायचा हे ठरवायला याहून स्पष्ट पुरावा धोरणकर्त्याला क्वचितच मिळतो. आणि तो हेलसिंकीचा नाही, बिहारच्या खेड्यांचा आहे.

एक आक्षेप गंभीर आहे आणि त्याला बगल देऊन चालणार नाही. काय खरे ते सरकार शिकवू लागले तर सरकारला गैरसोयीचे ते सगळे खोटे ठरेल, ही भीती पोकळ नाही. 2023 मध्ये केंद्राने माहिती तंत्रज्ञान नियमांत दुरुस्ती करून स्वतःच्या कारभाराविषयीची 'खोटी' माहिती ठरवण्याचा अधिकार स्वतःच्याच सत्यशोधन कक्षाला दिला. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी 2024 मध्ये दोन न्यायमूर्तींची मते विभागली गेली. मग तिसऱ्या न्यायमूर्तींच्या, अतुल चांदुरकरांच्या, मतानंतर सप्टेंबरमध्ये ती दुरुस्ती घटनाबाह्य ठरली. त्या निकालाचे मला मनापासून समाधान आहे. पण त्यातून सरकारने या क्षेत्रातून हात काढून घ्यावा असा अर्थ काढणे चूक आहे. निवाडा देणे वेगळे आणि पारखायला शिकवणे वेगळे. अमुक बातमी खोटी आहे हे सरकारने सांगू नये; बातमी कशी तपासावी हे शिकवणाऱ्या शिक्षकाचा पगार मात्र सरकारने द्यावा, आणि त्या शिक्षकाच्या वर्गात सरकारच्या जाहिरातीही तपासायला घेता याव्यात. अभ्यासक्रम विद्यापीठे, शिक्षक संघटना आणि पत्रकारांच्या स्वतंत्र मंडळाने ठरवावा. जर्मनीतले अंतर इथे हवे.

दुसरा आक्षेप कंपन्यांकडे बोट दाखवतो: विष पसरवणारे मोकळे, आणि चाखणाऱ्याने सावध राहायचे? आक्षेप बरोबर आहे. युरोपने 2022 च्या डिजिटल सेवा कायद्याने मोठ्या कंपन्यांना त्यांच्या सेवेमुळे समाजाला होणारे धोके मोजायला आणि कमी करायला भाग पाडले. तसा कायदा आपल्याकडेही हवा. पण तो होईपर्यंत सौंसरच्या आजीने वाट पाहायची नाही. दोन्ही कामे बरोबरीने चालली पाहिजेत.

पारखणे आणि नुसता अविश्वास धरणे, यातही फरक करायला हवा. 2025 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये छिंदवाडा जिल्ह्यातल्या परासिया भागात खोकल्याच्या एका विषारी औषधाने वीसहून अधिक लहान मुले दगावली. कित्येकांवर नागपुरात उपचार चालू होते. ते औषध तामिळनाडूत बनलेले होते आणि तिथल्या तपासणीत त्यात 48.6 टक्के डायएथिलिन ग्लायकॉल सापडले. 4 ऑक्टोबरला मध्य प्रदेशाने त्यावर बंदी घातली. अशा वेळी आईबापांना हवी होती ती खरी सूचना, लवकर आणि समजेल अशा भाषेत, आणि ती आल्यावर तिच्यावर विश्वास ठेवण्याची तयारी. ज्याला 'सगळेच खोटे असते' एवढेच शिकवले तो खऱ्या इशाऱ्यालाही अफवा समजून पुढे ढकलेल. कोणाचा शब्द कोणत्या कारणाने धरायचा हे शिकवणे संशय शिकवण्यापेक्षा अवघड आहे आणि अधिक गरजेचे आहे.

ही पारख आपल्या लोकांना परकी नाही. नागपूरच्या कळमना बाजारात संत्र्याचा भाव चढल्याचा निरोप आला म्हणून सौंसरचा बागाईतदार लगेच गाडी भरत नाही. दोन अडत्यांना फोन लावतो, कालच गेलेल्या शेजाऱ्याला विचारतो, आणि निरोप पाठवणाऱ्याचा त्यात काय फायदा आहे ते मनात जोखतो. माध्यमसाक्षरतेचा सगळा पाठ यात आहे. पैशाच्या बाबतीत दाखवतो ती सावधगिरी तो माणसांविषयीच्या निरोपाबाबत दाखवत नाही, इतकेच. शिक्षकाने सुरुवात तिथून करावी. पांढुर्ण्याच्या मुलांसाठी तर धडा घरातच आहे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीवर पांढुर्णा आणि सावरगाव यांच्यात गोटमार होते, दगड उडतात, माणसे रक्तबंबाळ होतात. त्याचा दहा सेकंदांचा तुकडा तारीख आणि गाव पुसून, वर दुसऱ्याच शहराचे नाव आणि दोन धर्मांची नावे घालून पाठवला, तर लांबच्या माणसाला ती दंगल वाटेल. पांढुर्ण्याचे मूल मात्र एका नजरेत सांगेल की हा पळसाचा झेंडा आहे, ही आपली नदी आहे. मग त्याला एकच प्रश्न विचारावा: मुजफ्फरपूरच्या किंवा मालेगावच्या नावाने तुझ्याकडे आलेल्या व्हिडिओतली नदी ओळखणारे मूल कुठे असेल? हा पाठ कोणत्याही युरोपीय पुस्तकात नाही. तो इथल्या शिक्षकाने रचायचा आहे, आणि तो रचायला त्याला वेळ, प्रशिक्षण आणि मानधन द्यायचे आहे.

महाराष्ट्राला या कामाची परंपराही आहे. गाडगेबाबा कीर्तनात श्रोत्यांना प्रश्न विचारत आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढत. बिहारच्या सत्रांत जे घडले ते याहून फार वेगळे नाही. 21 सप्टेंबर 1995 ला गणपती दूध पितो ही बातमी टेलिफोनवरून काही तासांत देशभर गेली, तेव्हा मोबाइलही हाती नव्हते. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांच्या कार्यकर्त्यांनी लोकांची टर न उडवता चौकात प्रयोग करून दाखवले. शाळांमध्ये वैज्ञानिक जाणिवांचे वर्ग घेणे, त्यासाठी शिक्षक घडवणे, हे काम त्यांच्या अंधश्रद्धा निर्मूलन समितीने वर्षानुवर्षे लोकवर्गणीवर केले. 20 ऑगस्ट 2013 ला दाभोलकरांचा खून झाला. कार्यकर्त्यांच्या त्यागावर जे काम चालले ते राज्याच्या खर्चाने चालायला हवे होते. घटनेच्या कलम 51अ ने वैज्ञानिक दृष्टी जोपासणे हे नागरिकाचे कर्तव्य ठरवले, पण कर्तव्य पार पाडायला लागणारे शिक्षण कोणी द्यायचे हे सांगायचे राहून गेले.

आता सीमेवरच्या मराठीचा प्रश्न. मध्य प्रदेशाने उद्या असा अभ्यासक्रम काढला तर तो हिंदीत असेल. महाराष्ट्राने काढला तर त्याची हद्द नरखेडला संपेल. पांढुर्ण्याची आजी दोन्हींतून सुटेल, आणि मराठी निरोप तर तिच्याकडे येतच राहतील. घटनेचे कलम 350अ सांगते की भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय राज्याने करावी; ते कलम आले 1956 मध्ये, ज्या वर्षी सीमा आखली जाऊन हा मुलूख मध्य प्रदेशात राहिला त्याच वर्षी. युरोपात फ्लँडर्स आणि नेदरलँड्स हे दोन देशांत विभागलेले डच भाषक प्रदेश. अपप्रचाराविरुद्ध आणि माध्यमसाक्षरतेसाठी त्यांचे एकच सामायिक केंद्र आहे आणि त्याला युरोपीय संघाचा पैसा मिळतो. अफवेला भाषेची हद्द असते, राज्याची नसते, हे ओळखून त्यांनी ते उभारले. मराठीला ऑक्टोबर 2024 मध्ये अभिजात दर्जा मिळाला. त्यामुळे येणारा निधी ताम्रपट आणि जुन्या पोथ्यांवर खर्च व्हावाच. पण आज मराठीत जे कोट्यवधी निरोप रोज फिरतात त्यांच्या वाचकाचाही या भाषेच्या निधीवर हक्क आहे.

म्हणून मागणी नेमकी करतो. महाराष्ट्राचा मराठी भाषा विभाग आणि मध्य प्रदेशचे शिक्षण खाते यांनी मिळून सौंसर, पांढुर्णा, मुलताई आणि बऱ्हाणपूर या मराठी बोलणाऱ्या तालुक्यांसाठी मराठीतला अभ्यासक्रम तयार करावा. प्रत्येक माध्यमिक शाळेत एका शिक्षकाला त्याचे प्रशिक्षण आणि त्यासाठी आठवड्याचे दोन तास द्यावेत. खर्चाची तरतूद किमान दहा वर्षांची असावी. पांढुर्णा जिल्हा नवा आहे, त्याच्या कचेऱ्यांचे साचे अजून ओले आहेत. हे काम सुरू करायला याहून सोयीची जागा मिळणार नाही. सौंसर-पांढुर्ण्याच्या ग्रामसभांनी येत्या बैठकीत तसा ठराव करून जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावा.